पायलट आहे, एवढंच सांगायचं

माणसानं विमान चालवायला शिकावं आणि दैवानं त्याच्या हाती आईची स्कूटर द्यावी, तसं प्रज्वल घोलपचं झालं होतं. एका विमान कंपनीत तो को-पायलट होता. होता म्हणजे अजून आहे. पण कंपनीच्या निम्म्या विमानांना इंजिनाचे सुटे भाग मिळेनात म्हणून ती जमिनीवर उभी होती, आणि नव्यानं लागलेल्या पोरांना कळवलं होतं की घरी थांबा, फोन येईल. नोकरी गेली नव्हती आणि चालूही नव्हती. अशा स्थितीला आपल्या भाषेत अधांतरी म्हणतात. वैमानिकानं अधांतरी असावं यात नवल ते काय, असं तो स्वतःच म्हणायचा. दुसऱ्यानं म्हणायच्या आत आपण म्हटलेलं बरं.

फोनची वाट बघत तो रहाटणीतल्या तिसऱ्या मजल्यावर थांबला होता. न्हाणीत जाताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्यायचा. एकदा तोंडाला साबण असताना वाजला. प्रज्वलनं खाकरून घसा साफ केला आणि विमानात प्रवाशांशी बोलतात त्या भारदस्त आवाजात म्हणाला, "गुड मॉर्निंग, फर्स्ट ऑफिसर घोलप बोलतोय." पलीकडून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, आपको पर्सनल लोन चाहिए क्या?"

घरात धडधाकट माणूस रिकामा दिसला की सगळ्या सोसायटीला कामं सुचतात. कुणाचा गॅस सिलेंडर वर चढव, कुणाच्या मिक्सरचं झाकण काढ. सेक्रेटरी तर म्हणाले, "प्रज्वल, तुमच्या त्या विमानात एवढी बटणं असतात, जरा आपल्या लिफ्टचं बघ ना." त्यानं बघितलं. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे थांबली, आणि आत प्रज्वलच होता. "पायलट अडकलाय!" ही आरोळी त्या दिवशी जिन्यातून वर गेली, खाली गेली, आणि पार्किंगमधल्या भाजीवाल्यापर्यंत पोचली.

तसा मान त्याला पहिल्यापासूनच बेताचा. नोकरीच्या पहिल्या दिवशी पांढराशुभ्र शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, अशा थाटात तो फाटकाशी टॅक्सीची वाट बघत उभा होता. टेम्पोवाला आला, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "वॉचमनभाऊ, ए विंगचा सोफा आहे, गाडी कुठं लावू?" प्रज्वलनं जागा दाखवली. न दाखवून करतो काय? वर गाडी मागं घेताना "येऊ दे, येऊ दे" म्हणून हातही केला.

ह्या सगळ्यात एकच माणूस शंभर टक्के खूश होता, तो म्हणजे त्याचे आजोबा रंगराव. करमाळ्याकडच्या खेड्यातले, गावच्या शाळेत सातवी फायनल झालेले, आणि एक गोष्ट सांगायला लागले की तिच्या पोटातून तीन गोष्टी काढणारे. नातू विमान उडवतो याचा त्यांना केवढा आनंद! पण एक शंका त्यांना छळत होती.

"पोरा, खरं सांग. तू डायवर का किन्नर?"

ट्रकवरच्या क्लीनरला गावाकडं किन्नर म्हणतात. प्रज्वलनं समजावलं, "आजोबा, दोघंही चालवतो. कॅप्टन मोठा, मी धाकटा."

"म्हंजी किन्नरच. मग गाडी मागं घेताना उतरून कोण बघतं?"

"विमान आपणहून मागं येत नाही आजोबा. खालून ट्रॅक्टरसारखी गाडी येते, ती ढकलते."

"ढकलस्टार्ट!" आजोबांनी मांडीवर थाप मारली. त्या संध्याकाळी गावाकडच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना फोनवरून कळलं की रंगरावांच्या नातवाचं विमान ढकलून चालू करावं लागतं, तरी पोरगं जिद्दीनं चालवतं.

तर अशा ह्या प्रज्वलला स्थळ आलं. खालच्या मजल्यावरच्या रुक्मिणीबाईंनी आणलं. मुलगी दिघीची, नाव मंजुषा, चाकणला गाड्यांचे भाग करणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूत खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. हे ऐकून प्रज्वलला घाम फुटला, पण फोटो बघून तो विरघळला. फोटोत ती हसत नव्हती. हसू दाबून धरलं होतं, आणि ते ओठांच्या एका कोपऱ्यातून निसटत होतं. असं माणूस घरात असलं तर आपल्या फजितीचं काहीतरी चीज होईल, असं त्याला वाटलं. याआधीची दोन स्थळं ‘सध्या फ्लाइट कुठं असते?’ या प्रश्नावरच मोडली होती. हे मोडू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि आपण घरी बसलोय हे त्यांना आधीच सांगून टाकावं, असंही तितक्याच मनापासून वाटत होतं. ह्या दोन गोष्टी एका ताटात बसत नव्हत्या.

गुरुवारी, म्हणजे एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, सगळे दिघीला निघाले. भाड्याच्या गाडीत आईनं, सुमनताईंनी, सगळ्यांना तंबी दिली.

"विमानाचं नाव काढायचं नाही. विमान म्हटलं की विचारतील कुठली कंपनी, कंपनी म्हटलं की टीव्हीवरची बातमी आठवेल. मुलगा पायलट आहे, एवढंच सांगायचं आणि पोहे खायचे."

"अगं, पण मी सांगणार आहे खरं काय ते," प्रज्वल म्हणाला.

"सांग की. साखरपुडा झाल्यावर सांग."

"आणि मी काय म्हणायचं?" आजोबांनी विचारलं.

"तुम्ही नातवाची गाडी म्हणा. तशीही तुम्ही तिला गाडीच म्हणता."

वडिलांना काही सांगायची गरज नव्हती. टूलरूममध्ये मशीनच्या खडखडाटात जन्म घालवल्यामुळं ते कमी ऐकायचे आणि त्याहून कमी बोलायचे.

आता इथं एक गोष्ट आधीच सांगून ठेवली पाहिजे, कारण गाडीतल्या कुणालाच ती ठाऊक नव्हती. आपल्या महाराष्ट्रात एकशेआठ नंबर फिरवला की जी रुग्णवाहिका येते ना, तिच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात. अधिकृत नावच आहे ते. आणि मंजुषाच्या वडिलांना, मारुतरावांना, मागच्या उन्हाळ्यात नाशिक हायवेला छातीत कळ आली, तेव्हा राजगुरुनगरपासून ट्रॅफिकमधून वाट काढत त्यांना वेळेत दवाखान्यात पोचवलं ते अशाच एका पायलटनं. तेव्हापासून मारुतरावांच्या लेखी जगात दोनच देव, एक खंडोबा आणि दुसरा पायलट. त्यामुळं रुक्मिणीबाई फोनवर म्हणाल्या, "मुलगा पायलट आहे हो, रात्री-अपरात्री ड्यूटी असते, पण माणसं सुखरूप पोचवतो," तेव्हा मारुतरावांनी पुढचं ऐकलंच नाही. म्हणाले, "गुरुवारी घेऊन या!"

दिघीला दारातच मारुतरावांनी प्रज्वलचे दोन्ही हात हातात घेतले. माणूस मूळचा खेडकडचा, भोसरीत स्वतःचं लेथ मशीनचं वर्कशॉप, हात असे खरबरीत की प्रज्वलच्या हाताला पॉलिश झालं.

"या पाव्हणं! तुमच्यासारख्यांमुळं तर आमी हाय."

प्रज्वल गोंधळला. विमानप्रवाशांकडून त्याला आजवर फक्त ‘उशीर का झाला’ एवढंच ऐकायची सवय होती. आई मात्र खुलली. सगळे बसले, मंजुषानं पोहे आणले, आणि ती वडिलांच्या मागं दाराला टेकून उभी राहिली. फोटोतलं हसू जागच्या जागी होतं.

"मग, ड्यूटी कशी असती?" मारुतरावांनी सुरुवात केली.

"ठरलेली नसते काका. पहाटेची, रात्रीची, बोलावतील तेव्हा निघायचं."

"व्हय, ते तर हायच. येळकाळ सांगून थोडीच येती! दिवसाला किती फेऱ्या?"

"कधी दोन, कधी चार."

"चार!" मारुतरावांनी सुमनताईंकडं बघितलं. "पुण्याईचं काम हाय ताई. आन् शेजारी कोण असतं?"

"कॅप्टन असतात. त्यांच्या हुकमाखाली मी."

मारुतरावांनी समजुतीनं मान डोलावली. रुग्णवाहिकेत शेजारी डॉक्टर असतो, आणि लष्करात डॉक्टरही कॅप्टन असतात; दिघीच्या लष्करी हद्दीला लागून राहणाऱ्या माणसाला डॉक्टरला कॅप्टन म्हटल्याचं काय कौतुक! "लष्करी शिस्त पायजेच. ऑक्सिजन असतो ना पण?"

"असतो की. वरून मास्क खाली येतो."

"आता लई सुधारणा झाली," मारुतराव बायकोला म्हणाले. "माझ्या टायमाला हातानं लावला व्हता." मग पुन्हा प्रज्वलकडं वळून, "आन् खड्ड्यांचं काय करता?"

हवेतल्या खड्ड्यांबद्दल एवढ्या आपुलकीनं चौकशी करणारा माणूस प्रज्वलला पहिल्यांदाच भेटत होता. "काही इलाज नाही काका. आतल्या लोकांना आधी सांगून ठेवतो, पट्टा बांधून घ्या. मग वेग कमी करायचा."

"बराबर. बरं, इचारू नये, पण," मारुतरावांनी आवाज खाली आणला, "वाटंत कुणी गेलं तर?"

"वाटेत कसं कुणी जाईल? दार आम्ही उघडूच देत नाही."

दारातून एकदम ठसका लागल्याचा आवाज आला. मंजुषा तोंडाला ओढणी लावून दाराआड झाली. मारुतराव मात्र भारावून गेले होते. "वा! यमाला दार उघडायचं न्हाई! काय बोललात पाव्हणं!"

आजोबांना आता राहवेना. "आमच्या नातवाची गाडी मोठी हाय बरं का. पण ढकलायला लागती."

"ढकलायला?" मारुतरावांचा चेहरा पडला.

प्रज्वलला वाटलं, हीच वेळ. आईच्या डोळ्यांकडं न बघता तो म्हणाला, "काका, खरं सांगायचं तर सध्या आमच्या बऱ्याच गाड्या उभ्याच आहेत. पार्ट मिळत नाहीत. त्यामुळं मी..."

"पार्ट मिळत न्हाईत?" मारुतराव ताडकन उठले. "माणसांच्या जिवाशी खेळ हाय का हा? कुठला पार्ट? मला चित्र काढून द्या. आवो, आमच्या भोसरीत काय बनत न्हाई? उद्या सांजच्याला पार्ट तुमच्या हातात!"

आता विमानं ज्याच्यासाठी अडली होती ते इंजिनातलं पातं बाहेरच्या देशात कुठल्या धातूचं, कुठल्या भट्टीत करतात, ते प्रज्वलला माहीत होतं. पण मारुतरावांनी खिशातून पेन्सिल आणि बसचं तिकीट काढून समोर धरलं होतं. "काढा. अंदाजे काढा. मायक्रॉनचं आमी बघतो."

प्रज्वलनं घाबरून तिकिटावर एक पातं काढलं. ते मिरचीसारखं दिसत होतं.

"हे गाडीत कुठं असतं?" मारुतरावांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

तेवढ्यात घर थरथरलं. पेले वाजले. लोहगावच्या विमानतळावर उतरणारं विमान छतावरून खाली खाली येत गेलं, आणि मारुतरावांनी वर बघून हात झटकला. "मेल्यांनी जीव नकोसा केलाय! दुपारची झोप न्हाई, टीव्हीचा आवाज न्हाई. ह्या विमानवाल्यांना उलटं टांगून मारलं पायजे. न्हाई का पाव्हणं?"

सगळ्या घोलपांनी एकाच वेळी पोह्यात मान घातली. वडील, ज्यांना काही ऐकू आलं नव्हतं, ते म्हणाले, "हो, हो."

मग मंजुषाच्या आईनं रीतीप्रमाणं सुचवलं, की मुलांना जरा बोलू द्या. दोघं गच्चीत गेली. समोर लष्कराची मोकळी टेकडी, तारेवर वाळत घातलेले कपडे, आणि मंजुषा कठड्याला धरून पोटभर हसून घेत होती.

"झालं हसून?" प्रज्वल म्हणाला. "आता मलाही सांगा. मिरची एवढी वाईट आली होती का?"

"मिरचीचं जाऊ द्या. बाबांना तुम्ही एकशेआठचे पायलट वाटताय. ॲम्ब्युलन्सचे."

प्रज्वल एकेक उत्तर आठवत गेला. ऑक्सिजन. खड्डे. वाटेत कुणी गेलं तर. कानापर्यंत लाल होत तो पाण्याच्या टाकीला टेकला. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच प्रश्नाला. मला रुक्मिणीमावशींनी तुमचा फोटो पाठवला होता, मागं विमान होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मजा येत होती." मग ती म्हणाली, "आणि बाबा कुठल्या मुलाशी असे बोलत नाहीत हो. मागच्या वेळी हिंजवडीचा एक आला होता, त्याला विचारलं, महिन्यातून किती दिवस बाहेरगावी? तो म्हणाला पाचसहा. चहासुद्धा पुरा होऊ दिला नाही. तुम्हाला तर पेन्सिल दिली. माझ्या भावाला हात लावू देत नाहीत त्या पेन्सिलीला."

प्रज्वलनं मग सगळं सांगून टाकलं. विमानं उभी आहेत, फोनची वाट बघतोय, फोन येईल, येणारही नाही. आला तर पुणंच मिळेल असं नाही. दुसऱ्या कंपन्यांत विचारलं, तिथं त्याच्यासारखेच आणखी रांगेत. बोलताना त्यानं थट्टेचा सूर धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण शेवटी शेवटी तो निसटला.

"आणि तोवर काय करता?"

"तोवर लिफ्टमधे अडकतो."

ती हसली, पण लगेच थांबली. क्वालिटीवाल्या बाईची नजर त्याच्यावर आली. "बाबांना नंतर कळलं तरी चालेल. एकदा सगळं ठरलं की ते मोडणार नाहीत. शब्दाचे पक्के आहेत. बघा."

मोह मोठा होता. शब्दाचे पक्के सासरे, खाली खुललेली आई, आणि समोर हे हसू. प्रज्वलनं डोकं खाजवलं. "आणि उद्या त्यांना पुन्हा कळ आली, आणि त्यांनी एकशेआठ सोडून मलाच फोन केला तर? मी काय, स्कूटर घेऊन येऊ?"

 मंजुषानं जिन्याकडं हात केला: चला मग.

खाली आजोबांची तिसरी गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या पोटात शिरली होती. प्रज्वल बसलाच नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "काका, थोडी चूक झालीय. मी विमानाचा पायलट आहे. ॲम्ब्युलन्सचा नाही."

सुमनताईंनी डोळे मिटले. मारुतरावांनी बोट वर छताकडं केलं.

"म्हंजी ते वरनं जातात ते तुमी?"

"त्यातलाच."

"माझ्या झोपंच्या टायमाला जातो तो?"

"तो दुसऱ्या कंपनीचा आहे."

"मग तुमचा कुठला?"

"आमचा सध्या जातच नाही काका. विमानं बंद आहेत. मी घरी आहे. नोकरी राहील का, तेही माहीत नाही."

मारुतरावांनी हे हळूहळू पचवलं. "म्हंजी ह्या भागात आवाज न करणारी एकच कंपनी, ती तुमची."

"असं म्हणता येईल."

कुणी हसावं की नाही ते ठरेना. मारुतराव खुर्चीत मागं रेलले, आणि त्यांच्या तोंडावरचा उजेड विझत गेलेला सगळ्यांना दिसला. "म्या त्या पायलटचं तोंडसुदिक नीट बघितलं न्हाई हो," ते म्हणाले. "डोळ्यांपुढं अंधारी व्हती. म्हणलं, तसलाच पोरगा घरात येतोय, तर फेड हुईल."

 आजोबा पुढं सरसावले. "आवो मारुतराव, माझ्या सासऱ्याला मी मास्तर वाटलो व्हतो. मुलगी बघायला गेलो तवा हातात छत्री व्हती ना! त्या काळी छत्री फकस्त मास्तरकडं. लगीन लागलं, पंगत उठली, मग इचारलं कुठल्या शाळंवर. म्हणलं, शाळा न्हाई, शेरडं हायत."

"मग छत्री?"

"ती बी मास्तरची. पाऊस नव्हता म्हणून दिली व्हती त्यानं."

मारुतरावांच्या मिशा हलल्या. हसायचं नव्हतं, तरी हसले. पण हसून झाल्यावर व्यवहारी माणसासारखे म्हणाले, "पोरगं खरं बोललं, ते चांगलंच हाय. पर ताई, तुमीच सांगा, मी काय बघून हो म्हणू? त्यांचा तो फोन येऊ द्या. काम चालू हुंद्या. मग बसू की आपण."

हे ‘मग बसू’ म्हणजे काय, हे लग्नाच्या बाजारात सगळ्यांना कळतं. सुमनताईंनी पर्स जवळ ओढली. प्रज्वल मनातल्या मनात स्वतःला म्हणाला, शाबास गड्या, हेही स्थळ सुखरूप जमिनीवर उतरवलंस.

"बाबा," मंजुषा म्हणाली. आतापर्यंत ती वडिलांसमोर एक शब्द बोलली नव्हती. "आमच्या कंपनीत माल चालू मशीनवर तपासत नाहीत. मशीन थांबवतात, मग हातात घेऊन चारी बाजूंनी बघतात."

"त्याचं काय आता?"

"हे सध्या थांबलेले आहेत. आताच काय ते बघून घ्या. उडायला लागले की तुम्हाला सापडायचे नाहीत."

मारुतराव मुलीकडं बघत राहिले. मग प्रज्वलकडं, मग पुन्हा मुलीकडं. तिच्या ओठाचा कोपरा बघून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं; बाप होते ते. त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर हात टेकले.

"आमची रीत हाय, आधी पोराचं घर बघायचं," ते म्हणाले. "चार शेजाऱ्यांना इचारणार मी. तुमच्या तोंडावर न्हाई, माघारी."

प्रज्वलच्या डोळ्यांसमोर सेक्रेटरी, भाजीवाला आणि सगळा जिना उभा राहिला. शेजारी काय सांगतील याची त्याला पुरेपूर कल्पना होती. तरी त्याच्या तोंडावर रुंद हसू पसरलं.

"जरूर विचारा काका."

"कधी आलेलं चालंल मग? तुमी घरी सापडलं पायजे."

"कधीही या," प्रज्वल म्हणाला. "तेवढी एक खात्री सध्या मी देऊ शकतो."